चमचाभर शेवग्याची पूड आणि अंगातली ताकद

सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात चमचाभर हिरवी पूड, वर अर्धं लिंबू. शेवग्याच्या पाल्याचं हे पेय गेल्या काही वर्षांत आपल्याकडे बऱ्याच घरांत पोहोचलंय. पाकिटावर ठळक अक्षरांत 'मोरिंगा' असतं, खाली 'सुपरफूड' आणि 'नैसर्गिक ऊर्जा'. ज्याच्या शेंगा आपण आमटीत घालतो, ज्याच्या पाल्याची भाजी मालवणकडे गोकुळाष्टमीला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर ताटात असते, तेच हे झाड. पाला गुणाचा आहे, त्याबद्दल वादच नाही. पण 'हे घेतलं की दिवसभर तरतरी राहते' हा दावा निराळा आहे आणि तो नीट तपासायला हवा. आपल्याकडे थकलेल्या माणसांची, त्यातही थकलेल्या बायकांची, संख्या फार मोठी आहे. अंगात त्राण नाही म्हणून डॉक्टरकडे जाण्याआधी त्यांतल्या कितीतरी जणी असं एखादं पाकीट आणतात आणि महिने काढतात.

कुठलंही पेय ताकद देतं असं कुणी सांगितलं, की मी एकच प्रश्न विचारते: ही ताकद येते कुठून? उत्तरं मोजकीच असतात. पेयात उष्मांक असतील, साखर असेल, कॅफीन असेल, शरीरात कमी पडलेलं एखादं द्रव्य त्यातून भरून निघत असेल, किंवा त्या पेयाच्या निमित्ताने सकाळची घडी बसली असेल. शेवग्याच्या पुडीचं उत्तर एक, ग्रीन टीचं दुसरं आणि गूळ घातलेल्या काढ्याचं तिसरं.

ऊर्जा म्हणजे नेमकं काय

खाल्लेल्या अन्नातून शरीराला ऊर्जा मिळते ती मुख्यतः तीन घटकांतून: पिष्टमय पदार्थ, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ. पहिल्या दोन्हींच्या 1 ग्रॅममागे साधारण 4 किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थाच्या 1 ग्रॅममागे 9. जीवनसत्त्वं आणि खनिजं यांतून एकही कॅलरी मिळत नाही. मग त्यांचं काम काय? अन्नातली ऊर्जा पेशींना थेट वापरता येत नाही. पेशी तिचं रूपांतर एटीपी नावाच्या रेणूत करतात आणि स्नायू हलवण्यापासून विचार करण्यापर्यंत सगळीकडे तोच खर्च करतात. एका वेळी शरीरात एटीपीचा साठा अगदी थोडा असतो. तो खर्च होतो, पुन्हा तयार होतो, पुन्हा खर्च होतो. दिवसभरात अशी जी उलाढाल होते तिची बेरीज केली, तर ती जवळपास आपल्या वजनाइतकी भरते.

हे रूपांतर सुरळीत चालायला प्राणवायू लागतो. प्राणवायू पेशींपर्यंत नेतं हिमोग्लोबिन, आणि हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. ब गटातली जीवनसत्त्वं या कामात ठिकठिकाणी लागतात. रक्तपेशी नीट तयार व्हायला बी-12 आणि फोलेट हवं. सगळ्याचा वेग किती असावा हे बऱ्याच अंशी थायरॉईडचं संप्रेरक ठरवतं. म्हणूनच पोटभर जेवूनही माणूस थकलेला राहू शकतो. इंधन असतं, ते वापरण्याच्या वाटेत कुठेतरी अडतं.

आता चमचाभर पूड घेऊ. चहाच्या चमच्यात ती सुमारे 3 ग्रॅम बसते. त्यातून मिळतात जेमतेम 10 किलोकॅलरी. 30 ग्रॅम नाचणीच्या पिठाची आंबील केली तर सुमारे 100 किलोकॅलरी मिळतात, वर 100 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. म्हणजे इंधन म्हणून शेवग्याची पूड हिशेबात धरावी अशी नाही, आणि कॅफीन तर तिच्यात नाहीच. तिचा उपयोग व्हायचा असेल तर एकाच वाटेने होईल: शरीरात काहीतरी कमी पडत असेल आणि ते तिच्यातून मिळत असेल तर.

पाकिटावरचं गणित

'संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व, दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम, पालकाच्या नऊपट लोह.' ही तुलना तुम्ही वाचली असेल. आकडे अगदीच हवेतले नाहीत, पण तुलना ज्या पद्धतीने केली जाते तिच्यात मेख आहे. ताज्या पाल्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. पाला वाळवला की पाणी जातं आणि उरलेलं सगळं घट्ट होतं. मग 100 ग्रॅम वाळलेली पूड एका बाजूला आणि 100 ग्रॅम ओला पालक किंवा 100 ग्रॅम दूध दुसऱ्या बाजूला असं मांडलं की पुडीचं पारडं जड होणारच. पालक वाळवून पूड केला तर त्याचेही आकडे असेच फुगतील. शिवाय 100 ग्रॅम पूड एका दिवसात कुणी खात नाही.

तेच गणित चमच्यावर आणून बघा. वाळलेल्या पुडीत 100 ग्रॅममागे 25 ते 30 मिलिग्रॅम लोह धरलं, तर 3 ग्रॅममध्ये ते 1 मिलिग्रॅमही भरत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला आहारातून दिवसाला 29 मिलिग्रॅम आणि पुरुषाला 19 मिलिग्रॅम लोह मिळायला हवं. कॅल्शियमच्या बाबतीत पूड जरा बरी, चमच्यामागे 60 मिलिग्रॅमच्या आसपास. पण पेलाभर दुधात 200 हून जास्त असतं. क जीवनसत्त्वाचं तर बोलायलाच नको. ते वाळवताना आणि उष्णतेने पुष्कळसं नष्ट होतं. सातपटीची गोष्ट ताज्या पाल्याची, ती पुडीला चिकटवणं बरोबर नाही.

खाल्लेलं सगळं लोह रक्तात उतरतही नाही. मांस, मासे यांतलं लोह शरीर तुलनेने सहज शोषतं. वनस्पतींतलं लोह वेगळ्या रूपात असतं, आणि फायटेट, पॉलिफेनॉल यांसारखे घटक त्याला आतड्यात अडवून धरतात. लिंबू, आवळा, पेरू असं काही सोबत असेल तर शोषण सुधारतं. जेवणाबरोबरचा चहा ते चांगलंच घटवतो. तेव्हा शेवग्याच्या पाण्यात लिंबू पिळायची पद्धत योग्य आहे, आणि पेला ठेवल्या ठेवल्या चहाचा कप उचलायची सवय ते काम बिघडवणारी.

मला विचाराल तर पुडीपेक्षा भाजी सरस. ताज्या पाल्यात 100 ग्रॅममागे 4 ते 5 मिलिग्रॅम लोह असतं. एका माणसाच्या वाटणीला 60 ग्रॅम पाला आला तरी चमचाभर पुडीच्या तिप्पट लोह पोटात जातं. त्याच्याबरोबर 3-4 ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर चोथा मिळतो. भाजीत तेल आणि ओलं खोबरं असतं, त्यामुळे पाल्यातलं बीटा-कॅरोटीनही (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) नीट शोषलं जातं. त्याला स्निग्ध पदार्थाची जोड लागते आणि साध्या पाण्यात ती मिळत नाही. पाला निवडणं किचकट आहे, हे खरं. बारीक पानं देठांवरून ओरबाडून काढायला वेळ जातो आणि कोवळे देठ चुकून राहिले तर दाताखाली येतात. पाला फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवला की सकाळी झटकल्यावर बरीचशी पानं आपोआप गळतात, हे जुन्या बायकांना ठाऊक असतं.

पुडीच्या बाजूनेही काही सांगायला हवं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना तीन महिने रोज 7 ग्रॅम शेवग्याच्या पाल्याची पूड दिली होती. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं. पण माठाच्या पाल्याची पूड घेणाऱ्या गटातही ते वाढलं होतं. अभ्यास लहान होता आणि मात्रा आपल्या एका चमच्याच्या दुपटीहून जास्त होती. हिरवा पाला नेमाने पोटात गेला तर उपयोग होतो, एवढं त्यावरून म्हणता येईल. तो उपयोग एकट्या शेवग्याचा नाही, आणि तीन दिवसांत जाणवणारा तर नाहीच.

गव्हाच्या कोवळ्या पात्यांच्या रसाबद्दलही इथेच बोलून टाकते. त्याला 'हिरवं रक्त' म्हणून खपवतात. पानांना हिरवा रंग देणारं हरितद्रव्य आणि हिमोग्लोबिनमधला लोह धरून ठेवणारा भाग, म्हणजे हीम, यांच्या रेणूंची कडी एकमेकींसारखी दिसते, हे खरं आहे. हान्स फिशर यांना 1930 चं नोबेल याच दोन द्रव्यांवरच्या कामासाठी मिळालं. पण एका कडीच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, दुसरीच्या मध्यभागी लोह, आणि प्यायलेल्या हरितद्रव्याचं हिमोग्लोबिन करण्याची सोय आपल्या शरीरात नाही. दिसायला सारखं म्हणून रक्त वाढत नाही.

थकव्यामागे काय असतं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण 54 टक्क्यांच्या पुढे होतं. दोघींत एकीहून जास्त. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, हातपाय गार पडतात, दुपारनंतर डोकं चालत नाही, माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. यातलं बरंचसं 'वयाचं आहे', 'कामाचं आहे' म्हणून अंगावर काढलं जातं.

हिमोग्लोबिन स्त्रियांमध्ये 12 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, पुरुषांमध्ये 13 च्या खाली आणि गरोदरपणात 11 च्या (मधल्या तीन महिन्यांत 10.5 च्या) खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. पाळीच्या वेळी अंगावरून खूप जात असेल तर फेरिटिन आवर्जून बघायला सांगा.

या अवस्थेत लोहाची गरज किती मोठी असते ते आकड्यांतच दिसतं. 2018 मध्ये सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत मोहिमेतल्या मोठ्यांच्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी आणि गरोदर बाईला रोज घ्यायची लाल, दोन्हींत तेवढंच. आपल्या चमचाभर पुडीत 1 मिलिग्रॅमच्या आत. हिमोग्लोबिन 8-9 वर आलेल्या बाईला पुडीच्या भरवशावर ठेवणं म्हणजे तिचे आणखी काही महिने थकव्यात घालवणं. गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आशाताई घरी आणूनही देतात. तिने शौचाला काळं होतं, कुणाला मळमळतं, कुणाला बद्धकोष्ठ होतं, आणि तेवढ्यासाठी ती कपाटात पडून राहते. घाबरण्यासारखं काही नसतं. अगदीच सोसत नसेल तर जेवणानंतर घ्यावी, डॉक्टरांना सांगून प्रकार बदलून घ्यावा, पण सोडू नये. एक अपवाद मात्र लक्षात ठेवायचा. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकांचं हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण लोह कमी असतंच असं नाही. म्हणून तपासणीशिवाय महिनोन्महिने लोह घेणंही योग्य नाही.

शाकाहारी माणसांत दुसरी नेहमीची कमतरता बी-12 ची. ती कुठल्याच पाल्याने भरून निघत नाही, कारण वनस्पतींत बी-12 नसतं. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर ते असल्याचं छापलेलं असतं, पण त्यातलं बरंचसं माणसाच्या शरीराला न चालणारं रूप असतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-12 कमी होऊ शकतं. पायांना मुंग्या, तोल जाणं, विसरणं असं सोबत असेल तर ही तपासणी टाळू नये. याशिवाय थायरॉईड, साखर, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणं, मनाचं आजारपण ही कारणं असतात. वजन घटतंय, संध्याकाळी ताप येतोय, खोकला हटत नाही, असं असेल तर क्षयरोगाची (टीबीची) तपासणी करायलाच हवी. हिरवं पेय यातल्या कशालाच पुरं पडत नाही.

मग काही पेयांनी खरोखर तरतरी का येते?

कारण त्यांत कॅफीन असतं. ग्रीन टी, माचा म्हणजे हिरव्या चहाच्या पानांची पूड, दक्षिण अमेरिकेतला माते, ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं गुआराना, सगळ्या वनस्पतीच, म्हणून पाकिटावर 'नैसर्गिक' लिहायला हरकत येत नाही. गुआरानाच्या बियांत तर कॉफीच्या बियांपेक्षा जास्त कॅफीन असतं. 1819 मध्ये फ्रीडलीब रुंगं या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांतून जे द्रव्य वेगळं काढलं, तेच या पानांत आणि बियांत आहे. शरीराला त्यात फरक कळत नाही.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते त्याच्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की आपल्याला पेंग येते. कॅफीन आधीच जाऊन ती खुर्ची अडवतं. ॲडेनोसिन तयार होतच राहतं, फक्त त्याला बसायला जागा नसते, म्हणून थकवा जाणवत नाही. कॅफीन उतरलं की साचलेलं सगळं एकदम जाणवतं. नवी ऊर्जा कुठूनच आलेली नसते. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना आणखी जास्त. संध्याकाळी पाचला घेतलेला 'हर्बल' पेला रात्री दहालाही निम्मा उरलेला असतो. मग झोप उथळ होते आणि सकाळी पुन्हा त्याच पेल्याची गरज लागते.

निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर स्त्रीला 200 पर्यंत कॅफीन चालतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने म्हटलंय. आपल्या चहाच्या कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम असतं. म्हणजे तीन-चार कप चहा पिणाऱ्या माणसाने गुआरानाचं पेय त्यावर घेतलं तर बेरीज करायला हवी. भारतात कॅफीनयुक्त पेयांत लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन चालतं, आणि लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी ते योग्य नाही, असं डब्यावर लिहावं लागतं. वनस्पतींच्या अर्काच्या पुडीवर मात्र मिलिग्रॅमचा आकडा बरेचदा नसतोच. तो नसेल तर ते पाकीट न घेतलेलं बरं.

साखरेचं थोडक्यात. गूळ, मध, खजूर घातलेलं पेय पटकन बरं वाटवतं, कारण साखर पटकन रक्तात जाते. पोह्याच्या चमच्याने दोन चमचे मध म्हणजे साधारण 60 किलोकॅलरी, आणि जवळपास सगळी साखरच. नाश्ता टाळून तेवढंच घेतलं तर अकरा वाजता पुन्हा गळाल्यासारखं होणार.

राहिली सवय. पेयाच्या निमित्ताने माणूस लवकर उठतो, उठल्यावर आधी पाणी पितो, तळलेलं टाळतो, चालायला जातो. या सगळ्याने खरंच बरं वाटतं, आणि श्रेय पुडीला मिळतं. त्यात वाईट काही नाही. पण पूड संपली म्हणून चालणंही थांबलं, असं होताना मी पाहिलंय, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

'नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?'

पुण्या-मुंबईत सकाळी बागांबाहेर रसाच्या गाड्या लागतात. दुधी, कारलं, कोरफड, आवळा, गव्हाची पाती. त्यातला दुधीचा रस कडू निघाला तर जिवावर बेतू शकतं. कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांमुळे येतो. अशा रसाने उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्या आणि मृत्यूही झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर टाकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका. कारण कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपून जातो. गाडीवर मिळणाऱ्या मिश्र रसात हे चाखून बघणं आपल्या हातात राहत नाही.

शेवग्याच्या साध्या पुडीपेक्षा मला दहा-बारा वनस्पतींची मिश्रणं जास्त काळजीची वाटतात. अश्वगंधा त्यांत हमखास असते. तिच्यावरचे काही लहान, दोन-तीन महिन्यांचे अभ्यास ताण आणि झोप यांत थोडा फायदा दाखवतात, आणि झोप सुधारली तर थकवा कमी होईल हे समजण्यासारखं आहे. पण तिने थायरॉईडचं संप्रेरक वाढू शकतं, क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि गरोदरपणात ती टाळायला सांगतात. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेच्या पूरक उत्पादनांवर बंदी घातली. करोनाच्या काळात घरोघरी उकळल्या गेलेल्या गुळवेलीबद्दल मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये काही रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला होता. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. वाद बाजूला ठेवला, तरी बाजारातून आणलेली वेल नेमकी कुठली हे घरी ओळखता येत नाही, हा मुद्दा उरतोच. ज्येष्ठमध रोज आणि बराच काळ पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. खोकल्याला चघळलेल्या एखाद्या कांडीने काही होत नाही, रोजच्या पेयाचं वेगळं.

पाकीट हातात घेतलं की माझी नजर आधी घटकांच्या यादीवर जाते. प्रत्येक वनस्पती किती मिलिग्रॅम, हे लिहिलेलं असावं. 'खास मिश्रण' असं म्हणून एकच बेरीज दिली असेल तर कुठलं किती हे कळायला मार्ग नाही. अन्न म्हणून विकत असतील तर 14 आकडी परवाना क्रमांक असतो, आयुर्वेदिक औषध असेल तर आयुषचा उत्पादन परवाना. परवाना आहे म्हणजे ताकद येते हे सिद्ध झालं, असं मात्र होत नाही. 'हेल्थ ड्रिंक' या शब्दाला आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात व्याख्याच नाही. म्हणूनच एप्रिल 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना दूध, धान्य आणि माल्टची पेयं त्या नावाखाली ठेवू नका असं बजावलं. आणि एखाद्या 'हर्बल' पुडीने पहिल्याच दिवशी जादू केल्यासारखी सांधेदुखी थांबली किंवा जोम आला, तर तिच्यात स्टेरॉइड किंवा दुसरं औषध मिसळलेलं असण्याची शंका घ्या. अशी भेसळ वेळोवेळी पकडली गेली आहे.

घेऊन बघायचं असेल तर

शेवग्याची पूड निरोगी माणसाने घ्यायला माझी काहीच हरकत नाही. झाड दारात किंवा शेजारी असेल तर घरीच करता येते. पाला धुऊन, निथळून, सुती कापडावर सावलीत पसरायचा. उन्हात टाकला तर रंग उडतो आणि गुणही कमी होतो. पानं हातात चुरली की कुरकुरीत आवाज करत मोडली पाहिजेत. ओल राहिली तर डब्यात बुरशी धरते. पूड चाळून काचेच्या बरणीत, उजेडापासून लांब. पाण्यात टाकली की ती आधी वर तरंगते, गुठळ्या होतात, मग तळाशी बसते, म्हणून थोड्या पाण्यात आधी कालवून घ्यावी. वास ओल्या गवतासारखा उग्र असतो. तो सोसत नसेल तर ताकात, डाळीत किंवा थालीपिठाच्या पिठात घाला. पेय म्हणूनच घ्यावी असं काही नाही. सुरुवात अर्ध्या चमच्याने करा, कारण एकदम जास्त घेतली तर पोट ढवळतं आणि जुलाब होतात.

सकाळी थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांसाठी हे सगळ्यांत महत्त्वाचं: ती गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि नंतर निदान अर्धा ते एक तास काही घ्यायचं नसतं. कॅल्शियम, लोह आणि चोथा यांनी तिचं शोषण अडतं. गोळीला लागूनच हिरवं पेय घेतलं तर गोळी नियमित असूनही रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं संप्रेरक) वाढलेलं दिसू शकतं आणि डॉक्टर विनाकारण मात्रा वाढवतात. अशांनी पूड दुपारच्या जेवणात घ्यावी. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर हिरव्या पाल्यातल्या के जीवनसत्त्वाने त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवीन हिरवं पेय सुरू करू नये. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी पहिले काही दिवस साखर जास्त वेळा तपासावी, विशेषतः पेयात कारलं, मेथी किंवा जांभळाच्या बियांची पूड असेल तर. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी पालकाचे आणि इतर हिरव्या पाल्यांचे रस पेले भरभरून पिऊ नयेत. काही पाल्यांत ऑक्झॅलेट नावाचं, मूत्रपिंडात खडे करू शकणारं द्रव्य भरपूर असतं आणि त्याने मूत्रपिंड आणखी बिघडल्याची उदाहरणं आहेत. गरोदर बाईने भाजी खायला हरकत नाही, पण शेवग्याची मुळं आणि साल पोटात जाऊ देऊ नयेत, आणि पूड तपासणीच्या वेळी विचारूनच घ्यावी.

एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा. पूड, चालणं, लवकर झोपणं आणि चहा सोडणं हे सगळं एकाच सोमवारी सुरू केलं तर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही. पुडीआधी हिमोग्लोबिन तपासून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा बघा. मधल्या काळात भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसू लागले किंवा अंगाला खाज सुटली, तर पेय त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे जा, आणि जाताना पाकीट सोबत न्या.